वॅक्सिंगनंतर तिसऱ्या दिवशी पुळ्या येतात? पार्लरमध्ये काय काय तपासायचं

"ताई, ह्या वेळचं वॅक्स मला काही सूट झालं नाही बघा."

पार्लर चालवणाऱ्या प्रत्येकीने हे ऐकलेलं असतं. आपलं उत्तरही ठरलेलं असतं: "अगं, स्किन सेन्सिटिव्ह आहे तुझी. बर्फ लाव, कोरफड लाव." गिऱ्हाईक मान डोलावतं आणि पुढच्या महिन्यात दुसरीकडे जातं. आपण वॅक्सचा ब्रँड बदलतो. दोन महिने बरे जातात आणि लग्नसराई आली की पुन्हा तेच सुरू.

मी चिपळूणला तेवीस वर्षं पार्लर चालवते. माझ्याकडे शिकलेल्या मुलींनी खेड, गुहागर, दापोली, संगमेश्वरला स्वतःची पार्लरं टाकली आहेत. वर्षातून चार-पाच वेळा त्यांच्यापैकी कुणाचा तरी फोन येतो, "मॅडम, परत पुळ्या यायला लागल्यात." मी जाते, स्टूल घेऊन कोपऱ्यात बसते आणि सकाळपासून दुपारपर्यंत नुसतं बघते. इतक्या ठिकाणी हा दोष शोधला, पण तो वॅक्सच्या ब्रँडमध्ये फार क्वचित सापडला. बहुतेक वेळा एका गिऱ्हाइकाच्या अंगावरून दुसरीच्या अंगावर काहीतरी जात असतं आणि ते कुणाच्या लक्षात आलेलं नसतं.

म्हणून ज्या क्रमाने मी शोधते, त्याच क्रमाने लिहिते आहे. फुकटात होणाऱ्या गोष्टी आधी, खर्चाच्या आणि अवघड नंतर.

आधी पुळी कसली आहे ते ओळखा

सगळ्या पुळ्या सारख्या नसतात. तक्रार आली की "कधी उठली?" हा पहिला प्रश्न विचारा. उत्तरातच अर्धा निकाल असतो.

वॅक्स झाल्या झाल्या लाल ठिपके, काटा आल्यासारखी त्वचा, थोडी आग, आणि एक-दोन दिवसांत सगळं साफ. हे केस मुळासकट निघाल्यामुळे होतं. याला दोष म्हणू नका.

काही तासांत किंवा दुसऱ्या दिवशी भयंकर खाज, आणि लाल चट्टा नेमका जिथे वॅक्स किंवा लोशन लागलं तेवढ्याच भागावर. ही ॲलर्जी असण्याची शक्यता मोठी. काही वॅक्समध्ये राळ असते, लोशनमध्ये सुगंध असतो, त्यांचा काहींना त्रास होतो. इथे मात्र "सूट झालं नाही" हे खरंच लागू पडतं आणि माल बदलावा लागतो.

दोन ते चार दिवसांनी प्रत्येक केसाच्या मुळाशी एक पुळी, टोकाला पिवळट पू, हात लावला की दुखतं. ही केसाच्या मुळाची जंतूंमुळे झालेली सूज. बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस नावाचा जंतू असतो, जो आपल्या सगळ्यांच्या अंगाखांद्यावर वावरतो आणि ताज्या उघड्या छिद्रात शिरायची वाट बघतो. आजचा लेख मुख्यतः या पुळीबद्दल आहे.

दोन-तीन आठवड्यांनी एकेकटी गाठ आणि आत गोल वळलेला काळा केस दिसतो, तो आत वाढलेला केस. आठ-पंधरा दिवसांनी गोल, कडेला खवलं असलेला, पसरत जाणारा खाजरा चट्टा म्हणजे नायटा. तो दिसला तर थेट खालच्या टॉवेलच्या भागाकडे जा. आणि वॅक्स ओढताना कातडीच निघून आली, खाली लाल चकचकीत भाग दिसला, तर गिऱ्हाइकाने काय औषध लावलंय ते विचारायला तुम्ही विसरला आहात. त्याबद्दल पुढे.

इथे थांबा, डॉक्टरकडे पाठवा

तपासणीच्या आधीच हे सांगते, कारण गिऱ्हाईक समोर उभं असतं तेव्हा लेख शेवटपर्यंत वाचायला वेळ नसतो.

ताप आला असेल. लाली दर दिवशी पसरत असेल, किंवा पुळीपासून वर जाणारी लाल रेघ दिसत असेल. काखेत किंवा जांघेत सुपारीएवढी दुखरी गाठ असेल. पुळ्या डोळ्याजवळ किंवा नाक आणि वरच्या ओठाच्या मध्ये असतील. गिऱ्हाइकाला मधुमेह असेल, ती गरोदर असेल, किंवा केमोसारखे उपचार चालू असतील. यातलं एकही असेल तर त्याच दिवशी त्वचारोगतज्ज्ञाकडे, ते गावात नसतील तर फॅमिली डॉक्टरकडे. "उद्या बघू" नको.

पुळी फोडायची नाही. आपण नाही, तिनेही नाही. आणि मेडिकलमधून मिळणारी ती खाज-नायटा-पुरळ सगळ्यावर चालणारी मिक्स क्रीमची ट्यूब तर आपल्या हाताने कुणाला द्यायचीच नाही. त्यातल्या बऱ्याच ट्यूबांत स्टेरॉइड असतं. दोन दिवस लाली दबते, जंतू किंवा नायटा आत जोमाने वाढतो, आणि मग डॉक्टरांनाही ओळखू येत नाही मूळ काय होतं ते. मी हे माझ्या नात्यातल्या मुलीच्या मांडीवर पाहिलंय. दोन ते चार आठवड्यांत बरा झाला असता तो नायटा, त्याला पाच महिने लागले.

पहिली तपासणी: वही

खर्च शून्य. दोनशे पानी वही घ्या आणि प्रत्येक तक्रार लिहा: वॅक्सची तारीख, अंगाचा कुठला भाग, पुळी कितव्या दिवशी आली, काम कुणी केलं, त्या दिवशीचं ते कितवं गिऱ्हाईक होतं.

हे इतकं महत्त्वाचं का? आठवणीवर विसंबलं की शेवटची तक्रार तेवढी मोठी दिसते. वहीत पाच ओळी झाल्या की धागा आपोआप वर येतो. सगळ्या तक्रारी काखेच्या असतील तर पावडर आणि डबा बघा. सगळ्या दुपारनंतरच्या असतील तर नॅपकिन आणि सकाळी भिजवलेलं जंतुनाशकाचं पाणी बघा. सगळ्या एकाच मुलीच्या हातच्या असतील तर तिचे हात बघा, पण तिच्यावर ओरडायच्या आधी. फक्त पायांच्या असतील आणि आधी पेडिक्युअर झालेलं असेल, तर टब.

दुसरी: गिऱ्हाइकाला चार प्रश्न

गेल्या सहा महिन्यांत पिंपल्ससाठी गोळ्या घेतल्या आहेत का? आयसोट्रेटिनॉइन नावाची गोळी चालू असेल किंवा बंद करून सहा महिने झाले नसतील, तर वॅक्स करायचं नाही. त्वचा पातळ आणि नाजूक झालेली असते, सालपट निघतं, डाग राहतो. रात्री चेहऱ्याला लावायचं ट्रेटिनॉइन, ॲडापलीन, रेटिनॉल लावत असेल तर त्या भागाला थ्रेडिंगवर भागवा, आणि त्वचा आधीच सोललेली असेल तर तेही नको.

वॅक्स करायच्या जागी आत्ता पुळी, जखम, सनबर्न, नायटा आहे का? असेल तर तो भाग सोडायचा. नाही म्हणणं जड जातं, मला माहीत आहे. समोरच्या वहिनींचं उद्या डोहाळजेवण असतं. तरी नाही म्हणा.

परवाच घरी रेझर फिरवला होता का? आणि शेवटचा प्रश्न, इथून कुठे जाणार? वॅक्सनंतर लगेच जिम, घट्ट लेगिंग, गरम पाण्याची आंघोळ, पोहायला जाणं, काखेत डिओ मारणं, या सगळ्यांनी उघड्या छिद्रात घाम आणि जंतू घासले जातात. २४ तास सैल सुती कपडे आणि कोमट पाणी, एवढं एका चिठ्ठीवर छापून हातात द्या. माझ्याकडे ही चिठ्ठी द्यायला लागल्यावर तक्रारी कमी झाल्या. पण थांबल्या नाहीत, म्हणून पुढे.

तिसरी: हात

"हात धुता ना?" विचारलं की सगळ्याजणी "हो" म्हणतात, आणि ते खरंही असतं. प्रश्न कधी धुतले हा आहे. मी स्टुलावर बसून हेच मोजते. मुलगी हात धुते, गाऊन देते, पावडर लावते. फोन वाजतो, उचलते. दुसरं गिऱ्हाईक पैसे द्यायला येतं, ती स्कॅनरचा बोर्ड पुढे सरकवते, सुटे मोजते. मग त्याच बोटांनी काखेची त्वचा ताणून धरते. ताण देणारा हातच वॅक्स निघाल्यावर त्या लाल जागेवर दाबला जातो, आग कमी व्हावी म्हणून. माया म्हणून केलेली ती कृती असते, आणि नेमकी तिथेच फोनवरची घाण छिद्रात जाते.

साबण आणि वाहतं पाणी, बोटांच्या मध्ये, अंगठा, नखांच्या खाली. सगळं मिळून ४० ते ६० सेकंद. गिऱ्हाइकाला हात लावायच्या आधी, आणि मध्ये दुसरीकडे हात गेला की पुन्हा. सॅनिटायझर चालतो, पण हात कोरडे आणि दिसायला स्वच्छ असतील तरच. पावडर, तेल किंवा चिकट वॅक्स लागलेल्या हातावर तो वर वर फिरतो.

साबणाची वडी बुळबुळीत डबीत पडलेली असेल तर ती काढा आणि पंपाची बाटली ठेवा. बाटली संपली की त्यातच ओतून भरू नका. रिकामी करा, धुवा, वाळवा, मग भरा. तळाशी राहिलेल्या जुन्या साबणातही जंतू वाढतात. धुतलेले हात ज्या नॅपकिनला पुसता तो दिवसभर तिथेच लटकत असेल तर धुणं वाया गेलं.

बांगड्यांचा विषय नाजूक आहे. नवीन लग्न झालेली मुलगी हिरवा चुडा घालून कामावर येते. तो काढ असं मी कधीच सांगत नाही. कोपराकडे सरकवायचा, वर रबरबँड लावायचा, मनगटापर्यंत धुवायचं. अंगठ्या मात्र ड्रॉवरमध्ये, आणि कृत्रिम नखं वॅक्सिंग करणाऱ्या हाताला नकोत.

हातमोजे घातले म्हणजे हात धुवायला नको असं नाही. एक जोडी, एक गिऱ्हाईक. मोजे धुऊन पुन्हा वापरायचे नाहीत.

चौथी: पावडरचा पफ

हा दोष मी सर्वांत जास्त वेळा पकडला आहे, म्हणून थोडं सविस्तर.

एका तालुक्याच्या गावच्या पार्लरमध्ये एप्रिलमध्ये महिनाभरात सात तक्रारी, सगळ्या काखेच्या. दोनदा वॅक्स बदलून झालं होतं. हात धुतले जात होते, स्ट्रिप कागदाच्या, नवीन. मी बसले. मुलीने गुलाबी डब्यातून पफ उचलला, काखेत थोपटला, परत डब्यात ठेवला. वॅक्स झाल्यावर चिकटपणा जावा म्हणून पुन्हा तोच पफ. पुढच्या गिऱ्हाइकाला पुन्हा तोच. दुपारी मी तो पफ उचलून उजेडात धरला. कडा पिवळट, घामाने घट्ट झालेल्या, आणि खाली पावडरमध्ये बारीक बारीक केस. सात-आठ जणींच्या काखेचा घाम एका डब्यात बसला होता. ते बघून त्या मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण ती मनापासून काम करणारी होती. तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

पफ त्या दिवशी कचऱ्यात गेला. आता तिथे भोकांचं झाकण असलेला डबा आहे, मीठ शिंपडतात तसा. पावडर वरून भुरभुरायची, टिश्यूने किंवा स्वच्छ हाताने पसरायची. मे महिन्यात एक तक्रार आली, जूनमध्ये एकही नाही.

लोशनची आणि कोरफड जेलची बरणी हाही तोच प्रकार. बोट घालून घ्यायचं नाही. पंपाची बाटली, नाहीतर दर वेळी स्वच्छ चमच्याने हातावर काढून घ्या.

पाचवी: वॅक्सचा डबा आणि सुरी

सुरी डब्यात, सुरी त्वचेवर, पुन्हा डब्यात. आपण सगळ्याजणी असंच शिकलो. "वॅक्स गरम असतं, जंतू मरतात" हेही शिकलो. विचार करा, जे त्वचेला सोसतं ते जंतू मारण्याइतकं गरम कसं असेल? जंतू वॅक्समध्ये वाढले नाहीत तरी त्यात टिकून एकीकडून दुसरीकडे जाऊ शकतात. आणि काखेत, बिकिनी लाइनला टाचणीच्या टोकाएवढं रक्त येतंच. हेपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातही, किमान सात दिवस जिवंत राहतो. तेव्हा हा फक्त पुळ्यांचा प्रश्न राहत नाही.

कापडी स्ट्रिपवरचं वॅक्स सुरीने खरवडून परत डब्यात टाकणं अजून काही ठिकाणी चालतं. ते आजच बंद करा. वॅक्सचे पैसे वाचतात, पण त्यात आधीच्या बाईचे केस, मेलेली कातडी आणि रक्त परत जातं.

दोन मार्ग आहेत. एक, लाकडी काड्या: एक काडी एकदाच बुडवायची, एकदा लावली की कचऱ्यात. दुसरा मार्ग मी स्वतः वापरते आणि लहान पार्लरला तो परवडतो. मोठ्या डब्यातून स्वच्छ चमच्याने या गिऱ्हाइकापुरतं वॅक्स स्टीलच्या छोट्या वाटीत काढायचं. वाटी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवायची. त्या वाटीत त्या बाईसाठी एकच सुरी चालेल, पण काखेची सुरी पुन्हा हातापायाला नको. हात आणि पाय आधी, काख आणि बिकिनी शेवटी. उरलेलं वॅक्स टाकून द्यायचं, वाटी आणि सुरी गरम पाणी-साबणाने घासून मग निर्जंतुक करायची. सुरुवातीला वॅक्स वाया जातं, पंधरा दिवसांत अंदाज येतो. पूर्ण हाताला किती लागतं ते बोटांना कळायला लागतं.

थ्रेडिंगचंही इथेच सांगून टाकते. दोऱ्याचं टोक दातात धरायची पद्धत सोडा. आपली लाळ दोऱ्यावरून तिच्या भुवईवर जाते. टोक मानेला बांधून काम करता येतं, आठवडाभरात हात बसतो. दोरा दर गिऱ्हाइकाला नवीन. भुवईजवळ चामखीळ किंवा मधोमध खळगा असलेली मोत्यासारखी पुळी दिसली तर दोरा लावू नका, त्या ओळीने पसरतात. ओठाच्या कडेला पाण्याने भरलेले फोड असतील तर अपरलिप नाही, पूर्ण बरं होईपर्यंत नाही.

सहावी: टॉवेल, गाऊन, बेडशीट

कोकणातल्यांनी हा भाग दोनदा वाचा. जून ते सप्टेंबर इथे काही वाळत नाही. सकाळी धुतलेला नॅपकिन संध्याकाळी दमट, दुसऱ्या दिवशी कुबट. वास आला म्हणजे त्यात बुरशी आणि जंतू वाढायला लागले. नायट्याच्या तक्रारी पावसाळ्यात वाढतात त्यात याचा वाटा आहे.

एक टॉवेल एका गिऱ्हाइकाला. वापरलेले झाकणाच्या बादलीत, स्वच्छ असलेले बंद कपाटात, दोन्ही एकमेकांना लागता कामा नयेत. गरम पाण्यात, ६० अंशांच्या आसपास धुवा. उन्हाळ्यात ऊन पुरतं. पावसाळ्यात पंख्याखाली वाळवून वर कडक इस्त्री, पूर्ण कोरडा होईपर्यंत, मगच घडी. इतके टॉवेल जमत नसतील तर पावसाळ्याचे चार महिने पेपर नॅपकिन आणि बेडसाठी कागदी रोल वापरा. मी तसंच करते. आणि वॅक्सनंतर चिकटपणा काढायला तो ओला स्पंज सगळ्यांना एकच फिरत असेल, तर तो पावडरच्या पफचाच भाऊ समजा.

सातवी: जंतुनाशक खरंच जंतू मारतंय का

काउंटरवर वाडग्यात अँटिसेप्टिकचं दुधाळ पाणी, त्यात प्लकर, कात्री, ब्लॅकहेड काढायची पिन. सकाळी केलेलं पाणी संध्याकाळपर्यंत. वास छान येतो म्हणून आपल्याला खात्री वाटते. पण अंदाजाने झाकणभर ओतलेलं, केस आणि तेल पडलेलं पाणी दुपारपर्यंत कमजोर होतं, आणि कमजोर अँटिसेप्टिकमध्ये काही जंतू चक्क तग धरतात.

आधी साबण आणि ब्रश, मग जंतुनाशक. उलटं चालत नाही, कारण तेल आणि मळाच्या थराखाली जंतुनाशक पोचतच नाही. नंतर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये पूर्ण बुडवून १० मिनिटं. १०० टक्क्यांच्या जवळचं स्पिरिट जास्त चांगलं असेल असं वाटतं, पण ते लगेच उडून जातं आणि पाण्याशिवाय जंतूच्या आत नीट शिरत नाही. बाटली वॅक्स हीटरपासून लांब ठेवा, ते पेटतं.

रक्त सांडलं तर ब्लीच. चेहऱ्याला लावायचं ब्लीच नाही, कपड्यांचं, सोडियम हायपोक्लोराइट. बाटलीत साधारण ५ टक्के असतं. रक्तासाठी एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी, १० मिनिटं भिजत ठेवून मग पुसा. बेड, फरशीसाठी एक भाग ब्लीच, ४९ भाग पाणी. रोज ताजं करा. २०२१ च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी माझ्या पार्लरमध्ये शिरलं तेव्हा चिखल उपसल्यावर आम्ही असंच क्लोरीनच्या पाण्याने सगळं धुतलं होतं. तेव्हा घाईत मी स्टीलची अवजारंही त्यातच टाकली आणि ती गंजली. स्टीलला ब्लीच नको. आणि संडासच्या ॲसिडबरोबर ब्लीच कधीच मिसळू नका, विषारी वायू निघतो.

निळ्या दिव्याची यूव्ही पेटी असेल तर ती ठेवण्याचं कपाट म्हणून वापरा. प्रकाश पडतो तेवढ्याच पृष्ठभागावर तिचा परिणाम होतो. प्लकरच्या बेचक्यात, कात्रीच्या खिळ्याखाली तो जात नाही. त्वचेला टोचणारी, रक्त येईल अशी अवजारं वापरत असाल तर ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारा कुकरसारखा डबा, घ्यायला हवा: १५ पौंड दाब, १२१ अंश सेल्सिअस, तिथे पोचल्यावर किमान १५ मिनिटं. तो येईपर्यंत धातूची अवजारं घासून उकळत्या पाण्यात २० मिनिटं, आणि पिना, ब्लेड एकदाच वापरायचं. वापरलेलं ब्लेड जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाका, कचरा उचलणाऱ्या ताईंचा हात त्यात जातो हे लक्षात ठेवा.

आठवी: पाणी आणि पेडिक्युअरचा टब

२००० साली कॅलिफोर्नियातल्या एका नेल सलूनमध्ये शंभराहून जास्त गिऱ्हाइकांच्या पोटऱ्यांवर गळवं आली, महिनोन्महिने बरी होईनात. शोध घेतला तेव्हा फिरत्या पाण्याच्या टबच्या जाळीमागे केस आणि कातडीचा थर सापडला. ती जाळी काढून कुणी कधी साफ केलीच नव्हती. जंतू बहुधा नळाच्या पाण्यातून आला असावा आणि त्या थरात वाढला होता. ज्यांनी आधी पायाला रेझर फिरवला होता त्यांना धोका जास्त होता. म्हणून पेडिक्युअरच्या आदल्या दिवशी वॅक्स किंवा रेझर नको, आणि त्या दिवशी दोन्ही करायचं असेल तर पेडिक्युअर आधी.

साधं प्लास्टिकचं घमेलं असेल तर उलट सोपं आहे: दर पायांनंतर ओतून, साबणाने घासून, ब्लीचचं पाणी १० मिनिटं ठेवून, खळबळून, पालथं. मशीनचा टब असेल तर रोज रात्री जाळी उघडायची. जाळी उघडता येत नसेल तर ते मशीन वापरू नका.

वरची टाकी शेवटची कधी धुतली ते आठवत नसेल तर टाकी धुणाऱ्या माणसाला बोलवा. हे आपलं काम नाही. आत उतरण्यात धोका असतो.

नववी, सर्वांत अवघड

वरचं सगळं ठीक निघालं आणि तरी तक्रारी येत राहिल्या तर त्वचारोगतज्ज्ञांना भेटा. वही बरोबर न्या. पुवाचा नमुना तपासून कुठला जंतू आहे आणि त्यावर कुठलं औषध चालतं ते तेच सांगू शकतात. एका आठवड्यात तीन तक्रारी आल्या तर कारण सापडेपर्यंत वॅक्सिंग बंद ठेवा. अपॉइंटमेंट असल्या तरी.

काम करताना ब्लेड किंवा पिन आपल्याच बोटात घुसली आणि तिच्यावर गिऱ्हाइकाचं रक्त होतं, तर वाहत्या पाण्यात साबणाने धुवा, पिळू नका, आणि त्याच दिवशी, शक्य तितक्या लवकर सरकारी दवाखान्यात जा. एचआयव्हीवरचं प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आतच सुरू करावं लागतं, जितकं लवकर तितकं चांगलं. हेपॅटायटिस बीच्या लसीचे तीन डोस असतात: आज, एक महिन्याने, सहा महिन्यांनी. माझ्याकडे कामाला लागणाऱ्या प्रत्येकीला मी ते माझ्या खर्चाने देते.

सात वर्षांपूर्वी माझ्याच पार्लरमध्ये सगळं तपासून झालं तरी पुळ्या थांबेनात. वहीत पाचपैकी पाच नोंदी एकाच मुलीच्या. ती माझी सर्वांत स्वच्छ काम करणारी मुलगी. मी तिला आत बोलावून हात दाखव म्हटलं. उजव्या हाताची तर्जनी तिने मुठीत धरली होती. उघडली तर नखाच्या कडेला नखुरडं, सुजलेलं, पू भरलेलं, वर त्वचेच्या रंगाची पट्टी. तीन आठवडे ती ते लपवत होती. का लपवलंस विचारल्यावर म्हणाली, "मॅडम, लग्नसराईत रजा घेतली तर रोजचे पैसे जातील."

डॉक्टरांनी बोटाला चीर दिली, औषध दिलं. पुन्हा पुन्हा होतं म्हणून नाकातला नमुनाही घेतला. साधारण दहांतल्या तिघांच्या नाकात हा स्टॅफिलोकॉकस गुण्यागोविंदाने राहतो, त्यांना काही होत नाही. तिच्याही नाकात निघाला. नाकात लावायचं मलम डॉक्टरांनी सांगितलं तेवढे दिवस लावलं. ती बारा दिवसांनी कामावर आली आणि त्या बारा दिवसांचा पगार मी तिला दिला. तेव्हापासून हाताला जखम, नखुरडं, फोड किंवा अंगावर नायटा असेल तर आमच्याकडे भरपगारी रजा आहे. सकाळी पार्लर उघडलं की आम्ही सगळ्याजणी, मी धरून, टेबलावर दहाही बोटं पसरतो.